रिसेट झाला, पण हिशेब उघडाच राहिला: ड्रायव्हरमधली मेमरी नेमकी कुठे गळते?

परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरताय. फी भरायला कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी बघायला मेसेजचं अ‍ॅप उघडलं, सहा आकडे पाठ करून परत आलात, तर पेमेंटचं पान पुन्हा पहिल्यापासून लोड होतंय. रिसेंट अ‍ॅप्समधलं सगळं झटकून टाकलं तरी पाच मिनिटांत तेच. मग कोणीतरी सांगतं, "अरे, एकदा रीस्टार्ट मार." आणि खरंच, रीस्टार्टनंतर चार-पाच दिवस फोन झकास चालतो. मग पुन्हा तेच रडगाणं.

आता प्रश्न असा, की रीस्टार्टने असं काय केलं, जे सगळी अ‍ॅप्स बंद करूनही झालं नाही? कधी दोष एखाद्या अ‍ॅपचा असतो, कधी गच्च भरलेल्या स्टोरेजचा. पण एक तिसरी जागा आहे, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ती म्हणजे ड्रायव्हर. मी नोकरीत हेच करतो: चिप आणि लिनक्स कर्नल यांच्यामध्ये बसणारा कोड. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स कर्नलच असतो, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या खिशातल्या फोनलाही लागू आहे.

आधी एक फरक समजून घ्या. अ‍ॅपने कितीही मेमरी उधळली तरी ते अ‍ॅप बंद झालं, की कर्नल त्याच्याकडची सगळी मेमरी काढून घेतो. अ‍ॅपच्या चुका अ‍ॅपबरोबर मरतात. ड्रायव्हरचं तसं नाही. तो कर्नलच्या आत राहतो आणि कर्नल रीस्टार्टपर्यंत मरत नाही. ड्रायव्हरने मागून घेतलेली आणि परत द्यायची राहिलेली मेमरी कुठल्याच अ‍ॅपच्या खात्यावर दिसत नाही. ती दाबून लहान करून बाजूला ठेवता येत नाही, जशी अ‍ॅपची ठेवता येते. मग मेमरी कमी पडायला लागली की अँड्रॉइडचा एलएमकेडी नावाचा पहारेकरी बाहेर पडतो आणि मागे पडलेली अ‍ॅप्स मारायला लागतो. म्हणजे मेमरी खाल्ली ड्रायव्हरने आणि जीव गेला तुमच्या पेमेंटच्या पानाचा. 'रॅम बूस्टर' छापाची अ‍ॅप्स इथे काहीही करू शकत नाहीत, कारण त्यांचा हात कर्नलच्या मेमरीपर्यंत पोचतच नाही. उलट ती स्वतः थोडी जागा अडवतात ते वेगळंच.

चिपची झोप

फोनमधली प्रत्येक चिप दिवसभर जागी राहिली तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकणार नाही. म्हणून चिपा सतत झोपतात आणि उठतात. सेकंदाला अनेकदासुद्धा. बऱ्याच फोनांत वाय-फायची चिप पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीवर असते. लॅपटॉपमध्ये एसएसडी जिथे बसते तीच ही जोडणी. पीसीआयच्या नियमांत झोपेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: डी० म्हणजे पूर्ण जागी, डी१ आणि डी२ या मधल्या अवस्था (फार कमी चिपा वापरतात) आणि डी३ म्हणजे गाढ झोप. डी३ चे पुन्हा दोन प्रकार. डी३-हॉटमध्ये वीज चालू असते, हाक मारली तर चिप ओ देते. डी३-कोल्डमध्ये वीजच तोडलेली असते.

हा फरक महत्त्वाचा आहे. डी३-हॉटमधून उठवल्यावर ड्रायव्हरने निदान १० मिलिसेकंद थांबायचं असतं. डी३-कोल्डमधून उठवायचं तर आधी वीज द्यायची, चिपचा रिसेट सोडायचा आणि साधारण १०० मिलिसेकंद वाट बघायची. वर चिपला आधीचं काहीही आठवत नसतं. कुठल्या पत्त्यावर बोलायचं, मेमरीतले कुठले डबे तिच्यासाठी ठेवलेत, सगळं पुन्हा शिकवावं लागतं. म्हणजे डी३-कोल्डमधून उठणं हा एका अर्थी छोटा रिसेटच आहे.

कुठल्या चिपला कधी झोपवायचं हे ठरवण्यासाठी कर्नलमध्ये रनटाइम पीएम नावाची व्यवस्था आहे. राफाएल वायसोत्स्की या पोलिश डेव्हलपरच्या पुढाकाराने ती २००९ साली लिनक्स २.६.३२ मध्ये आली. तिचा गाभा म्हणजे एक साधा आकडा. सोसायटीच्या क्लबहाउसच्या दारात वही ठेवलेली असते ना, तसं समजा. आत जाताना नाव लिहायचं, बाहेर पडताना खोडायचं. वहीत एकही नाव उरलं नाही की वॉचमन दिवे-पंखे बंद करतो. ड्रायव्हरला चिपचं काम पडलं की तो 'गेट' म्हणतो, आकडा एकने वाढतो. काम झालं की 'पुट' म्हणतो, आकडा एकने उतरतो. शून्य झाला की चिप झोपते. तिच्यावर अवलंबून असलेली वरची मंडळीही, म्हणजे पीसीआयचा कंट्रोलर, त्याची घड्याळं, वीजपुरवठ्याची लाइन, मग झोपू शकतात.

एखादं नाव खोडायचं राहिलं तर? क्लबहाउसमध्ये कोणी नाही, पण दिवे रात्रभर चालू. फोन खिशात आहे, स्क्रीन बंद आहे, आणि तरी सकाळी बॅटरी उतरलेली. मेमरी लीकसारखाच हा विजेचा लीक.

चिप बेशुद्ध पडते तेव्हा

वाय-फाय, ब्लूटूथ, मोडेम या चिपांच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर आणि स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. ते कधीमधी कोसळतं. एखादं विचित्र पॅकेट आलं, एखाद्या राउटरशी जमलं नाही, उष्णता वाढली. तुम्हाला फक्त एवढंच दिसतं, की वाय-फायची खूण क्षणभर गेली आणि परत आली. तेवढ्या वेळात आत बरंच काही घडून गेलेलं असतं: ड्रायव्हरने ओळखलं की चिप उत्तर देत नाही, तिला रिसेट केलं, फर्मवेअर पुन्हा चढवलं, तुमचं नेटवर्क पुन्हा जोडून दिलं. लिनक्सच्या वाय-फाय थरात यासाठी खास सोय आहे. अ‍ॅप्सना कळूही न देता हार्डवेअर पुन्हा उभं करता येतं.

गळती बहुतेक वेळा इथे होते. का, ते बघू.

वाय-फाय चिपला येणारी पॅकेट्स ठेवायला ड्रायव्हर आधीच मेमरीतले बफर देऊन ठेवतो. पुण्यात मेसचा डबा लावला असेल तर हे लगेच कळेल. मेसवाल्या काकूंकडे स्टीलचे डबे असतात. भरलेला डबा तुमच्या खोलीवर येतो, रिकामा परत जातो. काकूंचा हिशेब साधा: जितके गेले तितके आले पाहिजेत. इथे जरा उलटं, रिकामे डबे चिपकडे जातात आणि पॅकेटांनी भरून परत येतात, पण हिशेब तोच. समजा ५१२ डबे आहेत आणि प्रत्येक २ केबीचा. म्हणजे एकूण १ एमबी. हे ५१२ डबे चिपकडे असताना चिप कोसळली. आता ते परत कोण देणार? चिप तर बेशुद्ध. ड्रायव्हरने स्वतःच्या यादीवरून एकेक डबा शोधून परत घ्यायचा असतो. ते न करता त्याने नवीन ५१२ डबे घेतले आणि काम सुरू केलं, तर वाय-फाय मस्त चालेल. कोणाला काही कळणारही नाही. फक्त १ एमबी कायमची गेली. दिवसातून असे दहा रिसेट झाले तर महिन्याभरात ३०० एमबी. ४ जीबी रॅमच्या फोनमध्ये अँड्रॉइड स्वतः किती घेतं ते बघितलं तर हे ३०० फार आहेत.

यात चीड आणणारी गोष्ट अशी, की रिसेटचा रस्ता हा ड्रायव्हरमधला सगळ्यात कमी चाललेला रस्ता असतो. चिप सुरू करणं रोज होतं, बंद करणं रोज होतं, त्यामुळे त्या दोन्ही वाटा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. रिसेट मात्र मधूनच सुरू होतो. सी भाषेत सुरुवातीचं फंक्शन पायऱ्यांनी वर चढतं: पहिली पायरी मेमरी, दुसरी इंटरप्ट, तिसरी फर्मवेअर, चौथी नेटवर्क. तिसऱ्यावर पाय घसरला तर दुसरी आणि पहिली सोडत खाली यायचं, हा पाठ सगळ्यांना येतो. रिसेटमध्ये तुम्ही आधीच चौथ्या पायरीवर असता, दुसऱ्यापर्यंत खाली येऊन पुन्हा वर चढायचं असतं, आणि चढताना तिसऱ्यावर परत घसरला तर? म्हणजे रिसेट करतानाच रिसेट फसला तर? ती वाट अनेक ड्रायव्हरांत कोणी एकदाही चालून पाहिलेली नसते.

झोप आणि रिसेट एकत्र आले की

चिप रिसेट करायची वेळ आली तेव्हा ती जागी असेलच असं नाही. तुम्ही स्क्रीन बंद केली, फोन झोपायला निघाला, त्याच क्षणी ड्रायव्हरच्या टायमरला वाटलं की फर्मवेअर उत्तर देत नाही. आता ड्रायव्हर चिपला विचारतोय, "डबे परत दे", आणि चिपची वीज तोडलेली आहे. वीज नसलेल्या पीसीआय चिपकडून वाचलं तर बहुतेक यंत्रांवर एरर येत नाही. येतात सगळे एक. ३२ बिट वाचले तर ३२ चे ३२ बिट १. ड्रायव्हरने हे तपासलं नाही तर तो त्याच आकड्याला खरं उत्तर समजतो. "किती डबे उरलेत?" या प्रश्नाला सुमारे ४२९ कोटी असं उत्तर मिळतं. चांगला ड्रायव्हर सगळे एक दिसले की समजतो, पलीकडे कोणी नाही. बेफिकीर ड्रायव्हर डबे संपायची वाट बघत बसतो, वेळ संपली की कंटाळून परत फिरतो, आणि परत फिरताना डबे सोडायचे विसरतो.

म्हणून रिसेटचा पहिला नियम: आधी चिप जागी करा, आणि काम होईपर्यंत ती झोपणार नाही याची सोय करा. म्हणजे आधी 'गेट'. इथे एक प्रसिद्ध खड्डा आहे, आणि त्यात जगभरातले डेव्हलपर पडलेले आहेत. कर्नलमध्ये 'पीएम रनटाइम गेट सिंक' नावाचं फंक्शन आहे. ते वहीत नाव लिहितं आणि चिपला उठवतं. चिप उठली नाही तर ते एरर देतं. आता साधा माणूस म्हणेल, उठलीच नाही तर नाव कशाला राहील? पण राहतं. एरर आली तरी आकडा वाढलेलाच राहतो. क्लबहाउसचं दार उघडलं नाही म्हणून तुम्ही परत गेलात, पण वहीत तुमचं नाव तसंच.

हे फंक्शनच्या माहितीपत्रात लिहिलेलं होतं, चोरीछुपे काही नव्हतं. पण जवळपास प्रत्येक ठिकाणी सी भाषेची सवय अशी, की फंक्शनने एरर दिली म्हणजे त्याने काही घेतलेलं नाही, लगेच परत फिरा. त्या सवयीने लिहिलेला कोड वाचताना अगदी निर्दोष दिसतो. २०२० साली या एकाच चुकीच्या दुरुस्त्यांचा कर्नलमध्ये पाऊस पडला. कॅमेरा, ऑडिओ, ग्राफिक्स, नेटवर्क, सगळ्या खात्यांत तोच दोष. शेवटी त्याच वर्षी लिनक्स ५.१० मध्ये 'पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट' हे नवीन फंक्शन आलं. काम तेच, फक्त चिप उठली नाही तर ते स्वतःच नाव खोडून परत येतं. माझं मत विचाराल तर ही अडचण डेव्हलपरांच्या निष्काळजीपणाची कमी आणि फंक्शनच्या वागण्याची जास्त होती. शंभर माणसं एकाच पायरीवर ठेचकाळत असतील तर पायरी बघायला हवी.

याला लागून आणखी एक भानगड. चिप उठवताना एरर आली की रनटाइम पीएम ती एरर लक्षात ठेवतं आणि पुढे त्या चिपच्या झोप-जागेत हातच घालत नाही. रिसेटने चिप बरी झाली, विजेवर आहे, कामही करतेय, पण कर्नलच्या नोंदीत ती अजून बिघडलेलीच. ड्रायव्हरने रिसेट संपल्यावर मुद्दाम सांगावं लागतं, की ही आता जागी आहे, जुनी एरर पुसा. ते सांगायचं राहिलं तर चिप पुन्हा कधीच झोपत नाही. वाय-फाय चालतंय म्हणून कोणी तक्रार करत नाही, बॅटरी उतरतेय म्हणून बॅटरीला शिव्या बसतात.

गप्प बसलेला डिटेक्टर

मेमरी लीक पकडायला कर्नलमध्ये केमेमलीक नावाचं हत्यार आहे. कॅटलिन मरिनास या एआरएमच्या इंजिनिअरने लिहिलेलं, २००९ मध्ये लिनक्स २.६.३१ बरोबर आलेलं. ते दर दहा मिनिटांनी मेमरी चाळतं आणि बघतं, की मागून घेतलेल्या प्रत्येक तुकड्याकडे बोट दाखवणारं कोणी उरलंय का. कोणाचंच बोट नसेल तर तो तुकडा हरवला असं समजून यादीत टाकतं. कल्पना छानच आहे. पण रिसेटच्या बाबतीत ते एका ठिकाणी ठार आंधळं आहे. त्याचा अनुभव आमच्या टीमला आला.

आमच्याकडे एका वाय-फाय चिपचा ड्रायव्हर तपासायला आला होता. चिप बनवणाऱ्यांचाच. अशा तपासणीत फर्मवेअर मुद्दाम पाडून बघतात. लिनक्समधल्या एथ१०के या वाय-फाय ड्रायव्हरात तर त्यासाठी एक फाइलच दिलेली आहे, तिच्यात एक शब्द लिहिला की फर्मवेअर कोसळतं. आमच्या ड्रायव्हरातही तशी सोय होती. संध्याकाळी स्क्रिप्ट लावली: पाड, उठू दे, मिनिटभर थांब, परत पाड. सकाळी बघितलं तर वाय-फाय ठणठणीत, केमेमलीकची यादी कोरी. पण प्रोक-मेमइन्फो या फाइलमधली 'एसअनरिक्लेम' नावाची ओळ, म्हणजे कर्नलने घेतलेली आणि सहजी परत न मिळणारी मेमरी, रात्रभर जिना चढावा तशी चढत गेलेली. प्रत्येक रिसेटला सारखीच उडी.

टीममधल्या सीनियर मॅडमनी आलेख बघून एकच विचारलं, "रिसेटमध्ये कुठे डेव्हएम वापरलंय का रे?"

डेव्हएम म्हणजे काय ते सांगतो. पायऱ्या उतरताना मेमरी सोडायला लोक विसरतात, म्हणून २००७ मध्ये तेजुन हिओ यांनी कर्नलमध्ये एक सोय आणली. मेमरी मागताना साधं फंक्शन न वापरता डेव्हएमवालं वापरायचं, की तो तुकडा त्या चिपच्या नावाने एका यादीत नोंदला जातो. ड्रायव्हर चिपपासून सुटला की यादीतलं सगळं आपोआप परत. सोडायची झंझट नाही. या सोयीने हजारो लीक होण्याआधीच मारले आहेत, यात वाद नाही.

पण नीट वाचा: ड्रायव्हर सुटला की. रिसेटमध्ये ड्रायव्हर सुटत नाही. तो जागेवरच असतो, फक्त चिप उठबस करते. रिसेटच्या फंक्शनमध्ये कोणी डेव्हएमने मेमरी मागितली तर प्रत्येक रिसेटला यादीत नवा तुकडा जमा होतो आणि जुना तसाच पडून राहतो, ड्रायव्हर सुटायची वाट बघत. फोनमध्ये ड्रायव्हर सुटतो कधी? बंद करताना. आणि केमेमलीक का गप्प? कारण त्या प्रत्येक तुकड्याकडे यादीचं बोट आहे! त्याच्या दृष्टीने काहीच हरवलेलं नाही. खरं तर तांत्रिक अर्थाने हा लीकच नाही, हिशेब लिहिलेला आहे, फक्त वसुलीची तारीख येतच नाही.

आमच्या ड्रायव्हरात नेमकं हेच निघालं. चिप सुरू करायचं फंक्शन आणि रिसेटचं फंक्शन एकच ठेवलेलं होतं, कोड दोनदा लिहायला नको म्हणून. मागणी फक्त पहिल्या सुरुवातीच्या वेळी करायची आणि रिसेटमध्ये तीच मेमरी पुसून वापरायची, एवढाच बदल सुचवला. दुसऱ्या रात्रीचा आलेख सपाट.

केमेमलीकला आणखी एक गोष्ट दिसत नाही: कर्नलकडून थेट पानांच्या हिशेबात घेतलेली मेमरी. आणि वाय-फायचे मोठे बफर बरेचदा तिथूनच येतात. म्हणून डिटेक्टर कोरा आहे म्हणजे ड्रायव्हर शुद्ध आहे असं मी तरी कधी मानत नाही. हजार वेळा पाडून मेमइन्फोचा आलेख बघितला की मगच.

मग सरळ सगळं सोडून का देत नाहीत?

वाचताना तुम्हाला वाटलं असेल, एवढं काय अवघड आहे, रिसेट आला की पहिल्यांदा सगळी मेमरी परत करा आणि मोकळे व्हा. इथे खरी जोखीम आहे. चिप स्वतः थेट मेमरीत लिहिते, प्रोसेसरला न विचारता. याला डीएमए म्हणतात. ड्रायव्हरने बफर परत केला, कर्नलने तीच जागा दुसऱ्या कोणाला, समजा तुमच्या फोटोच्या फाइलला दिली, आणि चिप अजून पूर्ण मेलेली नव्हती. ती तिथे एक पॅकेट लिहून मोकळी. आता फोटो बिघडेल, किंवा फोन मधेच धाडकन रीस्टार्ट होईल. शिवाय सोडून दिलेल्या मेमरीला हात लावणं हा फोन हॅक करायचा आवडता रस्ता आहे. फोनमध्ये आयओएमएमयू नावाची भिंत असते, जी चिपला ठरवून दिलेल्या जागेबाहेर लिहू देत नाही. पण तिच्यातलं दार ड्रायव्हरच उघडतो आणि बंद करतो, त्यामुळे क्रम चुकला तर भिंतीचाही उपयोग नाही.

क्रम असा: चिप जागी धरा, नवीन काम घेणं थांबवा, इंटरप्ट बंद करा, चिपचं लिहिणं थांबल्याची खात्री करा, मगच डबे परत घ्या. खात्री होत नसेल तर? काही ड्रायव्हर अशा वेळी मुद्दाम मेमरी सोडत नाहीत. गेली तर गेली. मला हे पटतं. १ एमबी गेलेला फोन हळू होईल, पण चुकीच्या जागी लिहिलेला फोन तुमचा डेटा घालवेल. दोन वाईटांतलं कमी वाईट निवडायचं तर मी लीक निवडेन, फक्त तसं कोडमध्ये स्पष्ट लिहिलेलं हवं.

दुसरी अडचण, मेमरी परत मागायची वेळही चुकीची असू शकते. फोन झोपेतून उठत असताना वाय-फायच्या ड्रायव्हरने मेमरी मागितली आणि ती शिल्लक नाही. कर्नल म्हणतो, थांब, जुनी पानं स्टोरेजवर लिहून जागा करून देतो. पण स्टोरेजची चिप अजून उठायची आहे. आता हा त्याची वाट बघतो आणि तो याची. म्हणून झोपताना-उठताना कर्नल मेमरी देणाऱ्यावर बंधन घालतो, की स्टोरेजला हात न लावता जमेल तेवढंच दे. मग मागणी फसायची शक्यता वाढते, आणि फसलेली मागणी म्हणजे वर सांगितलेली ती कोणी न चाललेली वाट. फोनच्या वाय-फाय ड्रायव्हरांपैकी काही जण तर मोठे सलग तुकडे फोन सुरू होतानाच घेऊन ठेवतात आणि जन्मभर धरून बसतात. उधळपट्टी वाटते, पण चार दिवस चाललेल्या फोनमध्ये एवढी सलग जागा मिळेलच याची खात्री नसते.

तुमच्या फोनवर काय दिसू शकतं

रूट न करताही थोडंफार दिसतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, फोन कॉम्प्युटरला जोडा आणि एडीबी शेलमधून 'डम्पसिस मेमइन्फो' चालवा. भली मोठी यादी येईल, तिच्या शेवटी टोटल रॅम, फ्री रॅम, यूज्ड रॅम अशा ओळी असतात. त्यांच्यातच एक 'लॉस्ट रॅम' असते. अँड्रॉइडला कोणाच्याच नावावर लावता न आलेली मेमरी ती. नाव भीतीदायक असलं तरी ती शून्य कधीच नसते, काही चिपांना दिलेली रास्त मेमरीही तिच्यात येते. एकदा बघून घाबरू नका. रीस्टार्टनंतर एकदा लिहून ठेवा, मग रोज त्याच वेळी आठवडाभर. यूज्ड रॅमच्या कंसातला कर्नलचा आकडाही टिपा. ते वर-खाली होत राहिले तर ठीक. फक्त वरच जात राहिले तर संशयाला जागा आहे. विजेच्या बाजूचं बघायचं तर 'डम्पसिस बॅटरीस्टॅट्स' मध्ये कर्नल वेक लॉकची यादी असते. फोन झोपू न देणाऱ्यांची नावं आणि वेळ तिच्यात लिहिलेली सापडते.

विमान मोड चालू-बंद केल्याने चिप नव्याने उभी राहते, नेटवर्क सुधारतं. पण आधी हरवलेले डबे त्याने सापडत नाहीत. त्याला रीस्टार्टच लागतो.

कायमचा इलाज मात्र अपडेटमधून येतो, आणि तो तुमच्यापर्यंत पोचेल का, हे ड्रायव्हर कुठे राहतो यावर ठरतं. सेटिंग्जमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन कर्नल व्हर्जन बघा, ५.१०, ५.१५, ६.१ असा काहीतरी आकडा असेल. कर्नल ५.१० घेऊन अँड्रॉइड १२ बरोबर बाजारात आलेल्या फोनांपासून गूगलने मूळ कर्नल सगळ्यांसाठी एकच ठेवायला लावला आहे आणि चिप कंपन्यांचे ड्रायव्हर वेगळे मॉड्यूल म्हणून त्याला जोडले जातात. मूळ कर्नलमधला दोष जगात कोणीही दुरुस्त केला तरी तो गूगलमार्फत खाली येऊ शकतो. वाय-फायचा तो वेगळा ड्रायव्हर मात्र बरेचदा लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये नसतोच. नवीन फंक्शन आलं म्हणून त्याने जुनं सोडलं असेल असं नाही. ते चिपवाल्याने बदलायचं, फोनवाल्याने उचलायचं, आणि फोनला अपडेट मिळायची वर्षं त्याआधी संपलेली नसायची.

म्हणून असा आठवडाभराचा आलेख तुमच्याकडे असेल तर तो फोन कंपनीच्या फीडबॅकमध्ये बग रिपोर्टसकट पाठवा. बग रिपोर्ट डेव्हलपर ऑप्शन्समधूनच तयार होतो. त्यात तुमची खाजगी माहितीही असते, त्यामुळे तो कंपनीच्या फीडबॅक अ‍ॅपमधूनच द्या, कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. 'फोन स्लो आहे' एवढंच लिहिलेली तक्रार आमच्यासारख्यांच्या टेबलापर्यंत पोचत नाही. 'रीस्टार्टनंतर पहिल्या दिवशी एवढं, सातव्या दिवशी एवढं, मधे वाय-फाय इतक्यांदा तुटलं' असं लिहिलेली पोचते, आणि ती आली की स्क्रिप्ट कुठली लावायची ते आम्हाला लगेच कळतं.